शेतीची बंदूक नावावर करताना अडलेलं मेडिकल सर्टिफिकेट (माझा अनुभव)

बाबांची ठासणीची बंदूक शेवटी माझ्या नावावर झाली, पण त्या एस-३ फॉर्मचं (परवान्याला लागणारा मेडिकल दाखला) नाव काढलं तरी अजून डोकं तापतं म्हणून लिहितोय. ज्यांनी कधी डिप्रेशनची ट्रीटमेंट घेतलीय आणि ज्यांना परवान्यासाठी अर्ज करायचाय त्यांनी वाचाच.

आमच्या कोकणात भात पोटरीला आलं की रानडुकरं एका रात्रीत अख्खा कुणगा (भाताचा वाफा) आडवा करतात, बार काढला तर पळतात. बाबा सत्तरीच्या पुढे गेले, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तरी झालेल्या परवानाधारकाला वारसाच्या नावावर करून देता येतं. अर्ज, भावाबहिणीची ना हरकत, पोलीस चौकशी, सगळं सुरळीत झालं.

अडलं ते एस-३ ला. हा शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, नशापाणी नाही हेही त्यातच येतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बीपी बघितलं, डोळे बघितले, फॉर्म भरत आणला आणि विचारलं, मानसिक आजारासाठी कधी ॲडमिट होता का? मी म्हटलं हो, २०१९ मध्ये, भावाच्या सहीवर, मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८९ खाली. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म तसाच माझ्याकडे सरकवला. "मग मी कसं लिहून देऊ? उद्या काही झालं तर माझी मान अडकेल."

त्यानंतर नुसती टोलवाटोलवी. दवाखाना म्हणतो कलेक्टर ऑफिसचं पत्र आणा, तिथली शस्त्र शाखा म्हणते आधी दाखला आणा मग बोला. एक क्लार्क तर भरल्या खोलीत मोठ्याने म्हणाला, "हे ते मेंटलमध्ये होते ते." बाबा बाजूला उभे होते. त्या माणसाला कोणी अधिकार दिला माझा आजार चारचौघात सांगायचा? मानसिक आरोग्य कायद्यात, २०१७ च्या, कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क स्पष्ट दिलाय.

आणि त्याच कायद्याचं कलम ३ मी प्रिंट काढून खिशात ठेवलं होतं. त्यात लिहिलंय की पूर्वी उपचार घेतले किंवा ॲडमिट होता एवढ्यावरून आज आजारी आहे असं ठरवता येत नाही, आणि कोर्टाने जाहीर केल्याशिवाय नुसत्या आजारामुळे कोणी 'विकल मनाचा' (इंग्रजीत unsound mind) ठरत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये परवाना नाकारायचं कारण 'विकल मन' असं आहे, कधीकाळी घेतलेला उपचार असं नाही. पण प्रिंट कोणी हातात घेईना.

तपासणी नको असं माझं अजिबात म्हणणं नाही. बंदूक आहे ती, कडक तपासणी झालीच पाहिजे. पण आजचा माणूस तपासा ना! अशी वागणूक मिळाली तर पुढच्या वेळी कोण खरं सांगेल, आणि उपचाराला तरी कोण जाईल?

सुटलं ते असं. मानसिक आरोग्य कायद्याच्याच कलम २५ खाली माझे रेकॉर्ड मागून डिस्चार्जचा कागद काढला. मग सरकारी सायकियाट्रिस्टची ओपीडी गाठली. मॅडमनी नीट बसवून तासभर विचारलं, झोप, गोळ्या, दारू, आणि सरळच, जीव द्यायचे विचार येतात का. पुन्हा वाईट दिवस आले तर बंदुकीचं काय करणार? मी म्हटलं पोलीस स्टेशनला जमा करीन, निवडणुकीत करतोच की आम्ही. त्यांनी आजच्या तपासणीवरून स्पष्ट रिपोर्ट दिला, तो जोडल्यावर त्याच डॉक्टरांनी सही केली. शिक्का बसला तेव्हा मला रडूच आलं, खरं सांगतो.

त्यामुळे तुम्ही आधी सायकियाट्रिस्टचा रिपोर्ट घ्या आणि मगच एस-३ घेऊन जा, उलटं करू नका. लपवू तर मुळीच नका, खोटी माहिती दिलेली उघड झाली तर परवाना रद्द होतो. तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका, अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्येच ती तरतूद आहे, आणि त्यावर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. परवाना आता ५ वर्षांचा असतो, तेव्हा सगळ्या कागदांची एक फाईल करून घरी ठेवा, झेरॉक्सचा एक जादा सेट पण.