तुम्ही विचारलंत म्हणून : आरुषी प्रकरणात खून केला कोणी?

पुरावा कायदा शिकवण्यात माझे बरेच आयुष्य गेले. त्यामुळे वर्गात असो, लग्नाच्या पंगतीत असो की सोसायटीच्या सभेनंतरच्या गप्पांत, एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "सर, नोएडातल्या त्या आरुषीला नक्की मारले कोणी?" विचारणाऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते, त्याला फक्त माझी मान हललेली पाहायची असते. मी कोणाचेच नाव घेत नाही, तेव्हा "तुम्ही वकील मंडळी हातचे राखूनच बोलणार" असा शेरा मिळतो. हातचे राखण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. या खटल्यातील पुरावा कोणत्याच कथेचा भार पेलू शकत नाही, असे माझे मत आहे आणि ते का झाले ते येथे लिहीत आहे.

आधी घटना. १५ मे २००८ च्या रात्री नोएडाच्या जलवायू विहार वसाहतीतील एका सदनिकेत चार माणसे होती : राजेश व नूपुर तलवार हे दंतवैद्य दांपत्य, त्यांची तेरा वर्षांची मुलगी आरुषी आणि घरकामाला असलेला, मूळचा नेपाळचा हेमराज. १६ मेच्या सकाळी आरुषी आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडली. हेमराज घरात नव्हता, म्हणून पोलिसांनी त्यालाच खुनी ठरवले आणि त्याला शोधून देणाऱ्यास वीस हजार रुपयांचे बक्षीसही जाहीर केले. १७ मे रोजी त्याच इमारतीच्या गच्चीवर हेमराजचा मृतदेह मिळाला. २३ मे रोजी राजेश तलवार यांना अटक झाली, महिनाअखेर तपास सीबीआयकडे गेला आणि संशय तलवारांच्या दवाखान्यातील सहायकासह तीन नोकरांकडे वळला. पण त्यांच्यावर आरोपपत्र दाखल होऊ शकले नाही. पुढे सीबीआयचे तपास पथक बदलले आणि डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला, ज्यात संशय वडिलांवर असल्याचे म्हटले होते आणि पुरावा अपुरा असल्याचेही म्हटले होते. गाझियाबादच्या न्यायालयाने तो अहवाल नाकारून खटला चालवला. नोव्हेंबर २०१३ मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली आणि १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले.

लोकांचा सर्वांत आवडता युक्तिवाद एका ओळीचा आहे : घरात चौघे, दोघे मेले, मग उरले कोण? हा युक्तिवाद भाबडा मुळीच नाही. त्याला कायद्यात आधार आहे. पुरावा कायद्याच्या कलम १०६ नुसार जी गोष्ट विशेषेकरून एखाद्याच्याच माहितीतली असते, ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम १०९ क्रमांकाने आले आहे. घराच्या चार भिंतींआड गुन्हा घडला तर घरातल्यांनी खुलासा द्यायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याकडच्याच खटल्यात सांगितले आहे. मात्र या कलमाला एक उंबरठा आहे. त्या रात्री घरात बाहेरचे कोणी आलेच नव्हते आणि येऊही शकत नव्हते, हे आधी सरकार पक्षाने सिद्ध करायचे असते. तेवढे झाले की मग आरोपीने तोंड उघडायचे. म्हणून मी विद्यार्थ्यांना रक्ताचे डाग आणि हत्यार म्हणून सांगितल्या गेलेल्या गोल्फच्या काठ्या बाजूला ठेवायला सांगतो आणि त्या घराच्या दारापाशी उभे करतो.

त्या सदनिकेला एकामागोमाग तीन दारे होती. सर्वांत बाहेर लोखंडी जाळीचे दार, मग थोडी मोकळी जागा, त्यानंतर मधले जाळीचे दार आणि त्याला लागूनच लाकडी दार. हेमराजच्या खोलीलाही दोन दारे होती : एक घरात उघडणारे आणि दुसरे बाहेरच्या व मधल्या दारांदरम्यानच्या त्या मोकळ्या जागेत उघडणारे. सकाळी सहाच्या सुमारास कामवाली बाई आल्या आणि त्यांनी घंटी वाजवली. नूपुर यांनी लाकडी दार उघडून आतूनच सांगितले की मधले दार बाहेरून बंद आहे, हेमराज दूध आणायला गेला असेल. बाई खाली गेल्या आणि सज्जातून टाकलेल्या किल्ल्या घेऊन परत वर आल्या, तेव्हा मधल्या दाराला कुलूप नव्हते, बाहेरून नुसती कडी घातलेली होती. बाहेरून कडी याचा साधा अर्थ असा की कोणीतरी बाहेर जाताना ती घालून गेले. सरकार पक्षाचे म्हणणे वेगळे होते : बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा सर्वांत बाहेरचे दार आतून बंद होते, आणि त्या किल्ल्यांसाठी खाली गेल्या तेवढ्यात घरातल्या कोणीतरी हेमराजच्या खोलीतून त्या मोकळ्या जागेत येऊन बाहेरचे दार उघडले व मधल्या दाराला कडी घातली.

आता हा सगळा डोलारा कशावर उभा आहे ते पाहा. बाहेरचे दार आतून बंद होते, याला आधार एकच : बाईंनी न्यायालयात सांगितले की मी दाराला हात लावला पण ते उघडले नाही. पोलिसांना दिलेल्या मूळ जबाबात ही गोष्ट नव्हती आणि उलटतपासणीत त्यांनी स्वतःच सांगून टाकले की मला जे समजावले गेले तेच मी येथे सांगत आहे. एक गरीब, घाबरलेली बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून इतके खरे बोलते, याचे मला आजही अप्रूप वाटते. खालच्या न्यायालयाने या वाक्याला महत्त्व दिले नाही, उच्च न्यायालयाने दिले. दार निसटले की कलम १०६ निसटते, आणि ते निसटले की "उरले कोण" या प्रश्नाचा जोर ओसरतो, कारण मग त्या घरात त्या रात्री चारच माणसे होती हे गृहीत धरण्याची सोय राहत नाही.

मग आईवडील निर्दोषच, असे दुसऱ्या बाजूची मंडळी लगेच म्हणतात आणि त्यांच्या हातात जांभळ्या रंगाचा उशीचा अभ्रा असतो. हैदराबादच्या डीएनए प्रयोगशाळेच्या २००८ च्या अहवालानुसार दवाखान्यातील सहायकाच्या खोलीतून जप्त केलेल्या अभ्र्यावर हेमराजचा डीएनए सापडला होता. हे खरे असेल तर ते फार गंभीर आहे. पण तो अहवाल दोन-अडीच वर्षे कागदपत्रांत तसाच पडून राहिला. २०११ मध्ये दांपत्याच्या वकिलांनी त्याकडे बोट दाखवले, तेव्हा सीबीआयने सांगितले की ही टंकलेखनाची चूक आहे, दोन वस्तूंच्या वर्णनांची अदलाबदल झाली असून हा अभ्रा हेमराजच्याच खोलीतला आहे. त्यानंतर प्रयोगशाळेनेही तसे पत्र दिले. आमच्या क्षेत्रात मुद्देमालाचे लेबल ही कारकुनी बाब समजली जात नाही. वस्तू कोठून उचलली, पंचांसमोर कोणत्या पाकिटात घातली, सील कोणी लावले आणि ते कोठे उघडले, हे सांगता आले तरच तिच्यावरील रक्ताला काही अर्थ असतो. अहवाल खरा मानणारे सीबीआयवर बनावाचा आरोप करतात, खुलासा खरा मानणारे चूक कोणाच्याही हातून होते म्हणतात. माझा आक्षेप दोघांच्याही आधीचा आहे : दोन खुनांच्या तपासातील इतकी कळीची वस्तू अशी हाताळली गेली की तिचे मूळ ठिकाण तीन वर्षांनी पत्रव्यवहाराने ठरवावे लागले, याचाच अर्थ ती वस्तू कोणाच्याही बाजूने निर्णायक राहिलेली नाही.

शिवाय त्या नोकरांविषयी आपण जरा जपून बोलायला हवे. २००८ च्या उन्हाळ्यात त्यांची नार्को चाचणी झाली आणि गुंगीत बोललेल्या वाक्यांच्या चित्रफिती पुढे दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या. संमतीशिवाय अशी चाचणी करणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात २०१० मध्ये दिला. त्या चित्रफिती पाहून "कबुली तर दिली होती" असे म्हणणारी सुशिक्षित माणसे मला अजून भेटतात. आईवडिलांवर माध्यमांनी अन्याय केला म्हणून हळहळायचे आणि त्याच दमात ज्यांच्यावर आरोपपत्रही नाही अशा माणसांची नावे घ्यायची, हे मला पटत नाही. वकील लावण्याची ऐपत नसलेल्या माणसाला संशयाचा फायदा मिळायला लोकमताची हरकत असते, असे दिसते.

हत्याराची गोष्ट लांबवण्यासारखी नाही. सीबीआयच्या पहिल्या पथकाला खुकरी दिसली, दुसऱ्याला गोल्फची काठी आणि शस्त्रक्रियेची सुरी; शवविच्छेदनाच्या अहवालात नसलेली निरीक्षणे नंतर डॉक्टरांच्या जबाबांत उगवत गेली. तपास पथकाबरोबर हत्यार बदलत असेल, तर जखमांवरून हत्यार शोधले की संशयितावरून, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

खरे नुकसान मात्र याच्या कितीतरी आधी, पहिल्याच दिवशी झाले. १६ मेच्या सकाळी घरात नातेवाईक, शेजारी, पोलीस आणि पत्रकार अशी गर्दी झाली आणि कोण कोठे वावरले याचा हिशेब उरला नाही. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यावर आणि दारावर रक्त असल्याचे त्याच दिवशी लक्षात आणून दिले गेले होते. दाराला कुलूप होते आणि किल्ली मिळाली नाही, म्हणून पोलिसांनी ते उघडले नाही. राजेश तलवार यांनी किल्ली मुद्दाम दिली नाही, असे सरकार पक्षाने पुढे म्हटले. पण खुनाच्या तपासात कुलूप तोडायला पोलिसांना घरमालकाच्या किल्लीची गरज नसते. मे महिन्याच्या उन्हात हेमराजचा मृतदेह आणखी एक दिवस गच्चीवर पडून राहिला, त्याबरोबर मृत्यूची वेळ आणि इतर कितीतरी खुणा गेल्या, आणि इकडे त्याच्याच शोधासाठी बक्षीस लागले होते. त्यानंतर आठवडाभरात एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेतली, त्यात मुलीचे नावच चुकवले आणि तिच्या चारित्र्याविषयी शिंतोडे उडवले. या देशाने तो खटला त्या दिवशी घराघरांत चालवायला घेतला. आजही आपण त्याला "आरुषी प्रकरण" म्हणतो. खून दोन झाले होते आणि हेमराजच्या घरच्यांनाही उत्तर मिळालेले नाही, हे मला विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आठवते.

परिस्थितीजन्य पुराव्याची, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून उभ्या केलेल्या पुराव्याची, कसोटी महाराष्ट्रातल्याच खटल्यांनी घालून दिली आहे. शरद बिरधीचंद सारडा या पुण्याच्या खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की साखळीची प्रत्येक कडी पूर्णपणे सिद्ध झालेली असावी आणि आरोपीच्या दोषाखेरीज दुसरे कोणतेही अनुमान शिल्लक राहू नये. त्याआधी १९७३ मध्ये शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात "असू शकेल" आणि "असलेच पाहिजे" यांतले अंतर मोठे असल्याचे त्याच न्यायालयाने बजावले होते. तलवार दांपत्याविरुद्धचा पुरावा "असू शकेल" या टप्प्यावर थांबतो, आणि नोकरांविरुद्धचा तर तेथपर्यंतही धडपणे पोचत नाही. उच्च न्यायालयाच्या निर्णयाशी मी सहमत आहे तो एवढ्यापुरताच.

"मग सर्वोच्च न्यायालयात तरी कळेल ना?" हा यापुढचा प्रश्न असतो. निर्दोष मुक्ततेविरुद्धचे सीबीआयचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दाखल करून घेतले. पण अपिलात तपास नव्याने होत नाही. न्यायमूर्तींसमोर तेच पंचनामे, तीच लेबले, त्याच बाईंची साक्ष येणार. आणि ज्या पुराव्यातून दोन वाजवी निष्कर्ष निघतात त्यातला आरोपीच्या बाजूचा घेतला गेला असेल, तर वरचे न्यायालय सहसा त्यात हात घालत नाही. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आता आली आहे आणि ती राज्याराज्यांत टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहे. जलवायू विहारमधल्या त्या घरासाठी तिचा उपयोग नाही. तेथे १६ मे २००८ ला जे उचलायचे राहिले, ते आता कोणत्याही न्यायालयाला उचलता येणार नाही.