अ‍ॅल्युमिनिअमचा तुकडा केवढा घ्यायचा?

धाकटा भाऊ दहावीत आहे. तापलेला धातू पाण्यात टाकला की पाणी किती तापतं, हा प्रयोग त्याला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मिळाला. सोबत तीन रकान्यांचा तक्ता: स्वतंत्र चल, परतंत्र चल, नियंत्रित चल. मी बीएस्सी करते, म्हणून तो माझ्याकडे आला.

पहिले दोन रकाने त्याने लगेच भरले. आपण मुद्दाम बदलतो तो धातू, त्यामुळे बदलते ती पाण्याची तापमानवाढ. गाडं अडलं तिसऱ्यात. काय काय सारखं ठेवायचं ही यादी पाठ करता येते, पण ती कशासाठी हे नुसत्या वाचण्यातून उमगत नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. वेल्डिंगच्या दुकानातून एकाच जाडीची लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनिअमची सळई आणली. भावाचं म्हणणं, “ताई, दोन्ही एवढे-एवढेच कापू ना, मंग बरोबर होते.” माझं मत वजन सारखं घ्यावं असं होतं. शेवटी दोन्ही करून पाहायचं ठरवलं, आणि सगळं शिकणं तिथंच झालं.

किराणा दुकानातल्या काट्यावर लोखंडाचा तुकडा 100 ग्रॅम भरला, तेवढ्याच आकाराचा अ‍ॅल्युमिनिअमचा फक्त 34 ग्रॅम. दोन्ही एकाच पातेल्यात उकळत्या पाण्यात ठेवले, मग थर्माकोलच्या ग्लासात, 30 अंशांच्या 100 मिली पाण्यात सोडले. हिशेबाने लोखंडामुळे पाणी सुमारे 7 अंश वाढायला हवं आणि अ‍ॅल्युमिनिअममुळे 5च्या आसपास. थोडी उष्णता हवेत जाते, म्हणून आमचे आकडे जरा कमी आले, पण लोखंड पुढे हे स्पष्ट होतं.

मग अ‍ॅल्युमिनिअमही 100 ग्रॅम घेतलं. लोखंडाच्या तुकड्याएवढे जवळपास तीन तुकडे लागले. आता हिशेबाची वाढ 12 अंश, आणि तापमापीचा पारा खरंच लोखंडाच्या वर गेला. “हे तं उलटंच झालं! काऊन?”

अ‍ॅल्युमिनिअमची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, लोखंडाच्या जवळपास दुप्पट आहे, पण घनता एक तृतीयांशच. आकार सारखा धरला, तर ‘एवढ्या जागेत कोणता धातू जास्त उष्णता साठवतो’ हा प्रश्न होतो. वजन सारखं धरलं, तर ‘एका ग्रॅमला कोणता जास्त साठवतो’ हा. दोन्ही उत्तरं खरी आहेत, प्रश्न वेगळे आहेत. पुस्तकात लोखंड, तांबं, शिसं यांचे तापवलेले गोळे मेणाच्या थरावर ठेवतात, तिथे ते समान वस्तुमानाचे का असतात, हे त्याला आता वेगळं सांगावं लागलं नाही.

बाकीच्या गोष्टी त्यानेच काढल्या. पाणी एकाच बादलीतलं, म्हणजे सुरुवातीचं तापमान एकच. पंखा बंद. तुकडा दोऱ्याने उचलून झटकायचा, कारण त्याला चिकटलेलं उकळतं पाणीही ग्लासात उष्णता नेतं. ही शेवटची बाब मला फार आवडली, कारण ती कुठल्याच यादीत नव्हती.

तक्त्याच्या वर त्याने आता दोन प्रश्न लिहिलेत, आणि प्रत्येकाखाली तिसरा रकाना वेगळा भरलाय.