आबांचं .३८ चं .३२ केलेलं वेब्ली नावावर करून घेताना

आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, रिव्हॉल्व्हर वेब्ली मार्क ४. मूळ बोअर (नळीचा आतला व्यास, इंचात) .३८, पण परवाना असलेल्या मिस्तरीने ते फार पूर्वी .३२ करून दिलेलं. आमच्या तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात रानडुकरांसाठी बारा बोअरची बंदूक पुष्कळांकडे असते, तिचे कागद सगळ्यांना ठाऊक असतात. बोअर बदललेल्या रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. ते माझ्या नावावर करून घ्यायला मला चौदा महिने लागले. त्यातले नऊ एका ठशापायी गेले.

या मॉडेलच्या बॉडीवर ‘.३८ १४५/२००’ असा ठसा असतो. १४५ आणि २०० म्हणजे गोळीचं ग्रेनमधलं वजन. मिस्तरीने नळीत अस्तर घातलं आणि चक्री (काडतुसं बसतात तो फिरता भाग) बदलली तरी बॉडी तीच राहते आणि ठसाही राहतो. तपासणीला बसलेल्या माणसाने तो वाचला आणि अहवालात ‘.३८, प्रतिबंधित बोअर’ असं लिहून टाकलं. परवान्यावर .३२ आणि अहवालात .३८, म्हणून फाइल तिथेच थांबली.

ही भानगड शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतून येते. ब्रिटिश लष्कराचं .३८० चं रिमवालं (बुडाला कड असलेलं) काडतूस, म्हणजे या वेब्लीचं मूळचंच, ज्यात बसतं आणि उडतं, ते रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित गटात जातं, आणि त्यावर जिल्हाधिकाऱ्यांना निर्णय घेता येत नाही, प्रकरण केंद्राकडे जातं. पण कायद्याचे शब्द नीट वाचा. ठसा काय आहे हे तिथे विचारलेलं नाही, कोणतं काडतूस बसतं आणि उडतं हे विचारलं आहे. माझं काम शेवटी याच मुद्द्यावर सुटलं.

म्हणून अर्जाआधी मिस्तरीकडून लेखी तपासणी करून घ्या, मी ती नंतर केली. दुरुस्तीचा परवाना त्याच्याकडे हवाच, गावातला हुशार लेथवाला चालत नाही. आणि नातवाने एकट्याने हत्यार पिशवीत घालून निघू नये. कलम ३ प्रमाणे परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तरच दुसऱ्याला ते दुरुस्तीसाठी नेता येतं. हत्यार रिकामं, पेटीत बंद, मूळ परवाना बरोबर. रावेर-यावलवाल्यांना मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर जवळ पडतं, पण परवान्यावर क्षेत्र फक्त महाराष्ट्र असेल तर तो रस्ता बंद.

वेब्लीची नळी आणि वरची पट्टी एकसंध असते, त्यामुळे नळी आटे सोडवून बदलता येत नाही. चांगला कारागीर जुनं बोअर मोठं करून आत .३२ चं अस्तर बसवतो आणि चक्री नवी घालतो. नुसतं अस्तर घालून चक्री जुनीच ठेवलेली असेल तर ते काम फसलेलं समजा. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसाची रिम साधारण ९.५ मिमी आणि जुन्या चक्रीतल्या .३८ च्या घराचा (काडतूस बसायच्या भोकाचा) व्यास ९.८ मिमी, म्हणजे काडतूस रिमवर अडकतच नाही, थेट आत घसरतं.

मिस्तरीने पाहिलं ते असं. नळीच्या मागच्या तोंडाशी अस्तराची कड वर आली आहे का, कारण तिथे पायरी असेल तर शिसं खरवडून बाहेर उडतं. चक्री आणि नळीमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजली. ०.१५ ते ०.२५ मिमी ठीक, आमची ०.२० निघाली. चक्री पुढेमागे किती हलते तेही पाहिलं. मग घोडा अगदी हळू मागे ओढून टायमिंग तपासलं. घोडा पूर्ण चढायच्या आत चक्री जागेवर अडकली पाहिजे, आणि हे सहाही घरांना वेगवेगळं बघायचं. आमच्या चौथ्या घराला चक्री उशिरा अडकत होती, कारण चक्री फिरवणारा पंजा झिजला होता. नेमकं एकच घर चुकत असेल तर दोष बहुधा चक्रीच्या दात्यात असतो, पण इथे पंजा बदलल्यावर सगळं जुळलं. बाकी पाच घरं कशीबशी निभत होती इतकंच. मधोमध उघडणारं हत्यार असल्यामुळे बिजागरीची खीळ आणि वरचा खटकाही पाहायचा. नळी धरून हलवली की खटखट आली तर आधी तेच काम. बर्मिंगहॅमच्या प्रूफच्या (नळीची चाचणी झाल्याच्या) ठशांवर भरवसा ठेवू नका, ते मूळ नळीचे आहेत, अस्तराबद्दल काही सांगत नाहीत.

शेवटी त्याने .३८ चं डमी काडतूस प्रत्येक घराच्या तोंडाशी लावून ते आत जात नाही हे पाहिलं, आणि सही-शिक्क्याने लिहून दिलं. सोबत बोअर बदलल्याचं जुनं बिल जोडलं. त्यावर ‘जुनी चक्री जमा’ असा शेरा होता, आणि त्याचं मोल मला तेव्हा कळलं. जुनी चक्री घरच्या पेटीत निघाली असती तर वेगळंच लचांड. हौशी लोक असे सुटे भाग आठवण म्हणून ठेवतात. ठेवू नका.

बाकी कागद नेहमीचे. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयात असतानाच वारसाला परवाना मिळू शकतो. आबा दोन्हीत बसत होते. माणूस गेल्यावर तेच हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्यावी लागते, आणि जमा पडलेल्या हत्याराला गंज धरतो. नमुना ए-१ चा अर्ज, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षणाचा दाखला, पोलीस अहवाल, बाकी वारसांची ना-हरकत. काका सह्या करतात, आत्यांची सही घ्यायचं मात्र सगळे विसरतात. माझीही फाइल त्यासाठी एकदा परत आली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, आणि वारशाचं हत्यारही त्यात मोजलं जातं. माझ्याकडे बारा बोअर होती, म्हणजे माझा संग्रह इथेच संपला.

परवाना हातात आल्यावर खिडकीसमोरून हलण्याआधी नोंद वाचा. नंबरमधला इंग्रजी ‘बी’ आणि आठ यांची अदलाबदल हमखास होते. माझ्या नोंदीत मी आग्रहाने लिहून घेतलं: ‘.३२ एस अँड डब्ल्यू लाँग, सहा बारी, बोअर बदललेले, बॉडीवर मूळ ठसा .३८’. कारकुनाला हे फार लांब वाटलं. तीन वेळा सांगावं लागलं.