सरांनी मला रिंगमध्ये उतरू दिलं नाही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा असा समितीचा मेसेज आला आणि तेव्हापासून डोक्यात एकच माणूस फिरतोय. गॅदरिंग, १७ सप्टेंबरची प्रभातफेरी, गणिताच्या बाईंचा धाक, शनिवारची सकाळची शाळा, हे सगळं बाकीचे लिहितीलच आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी फक्त पीटीच्या सरांबद्दल लिहिणार आहे. नाव लिहायची गरज नाही, पीटीचे सर म्हटलं की आपल्या गावात एकच, आणि नव्या पोरांना माहीत नसेल तर त्यांनी घरी वडलांना विचारावं.

सर फौजेतून आलेले, फौजेत बॉक्सिंग खेळलेले. शाळेत साहित्य म्हणजे दोन जोड ग्लोव्हज, ते पण शिवून शिवून कडक झालेले, आणि मागच्या लिंबाला टांगलेलं वाळू अन् भुसा भरलेलं सरकीचं पोतं. चार बल्ल्या रोवून त्यांना बैलाचे कासरे बांधले की झाली रिंग. पावसाळ्यात मात्र ग्राउंडवर पायच ठेवता यायचा नाही, आपली काळी माती, चार पावलं टाकली की चपला उचलेनात. मग पीटीचा तास व्हरांड्यात व्हायचा आणि तिथं सर त्यांची वही काढायचे.

वहीला खाकी कव्हर. फौजेत असताना कुठल्या कुठल्या इंग्रजी मासिकांतली कात्रणं कापून खळीनं चिकटवलेली. बाकी मास्तर पावसाच्या तासाला अंताक्षरी घ्यायचे, सर आम्हाला फ्लायवेट सांगायचे. एकशे बारा पौंड, म्हणजे ५० किलो ८०० ग्रॅम, ह्याच्या आत वजन असलेल्या माणसांचं बॉक्सिंग. मी वर्गात सगळ्यात बारीक, आठवीत असताना दप्तरासकट वजन केलं तरी चाळीसच्या पुढं काटा सरकायचा नाही. सर सांगताना माझ्याकडं बघून सांगायचे असं मला तेव्हा वाटायचं, आणि आजही वाटतं.

त्यांचा लाडका बॉक्सर म्हणजे पांचो विला. मेक्सिकोचा बंडखोर नव्हे, त्याचं नाव लावलेला फिलिपिन्सचा पोरगा. खरं नाव फ्रान्सिस्को गिलेडो, जन्म १ ऑगस्ट १९०१, नेग्रोस बेटावरच्या इलोगचा. गरिबी एवढी की लहानपणी बूटपॉलिश करून पोट भरलं. उंची पाच फूट एक इंच. १९१९ च्या सुमारास पैशासाठी लढायला लागला आणि पुढच्या सहा-सात वर्षांत शंभराच्या आसपास लढती खेळला. सर इथं थांबायचे आणि बोटं मोडून हिशोब करायला लावायचे, म्हणजे वर्षाला किती, महिन्याला किती, आणि ह्या कशा लढती तर टायटलची लढत पंधरा राउंडची, एक राउंड तीन मिनिटांचा, मध्ये एक मिनिट आराम. आज पुरुषांची टायटल फाइट बारा राउंडची असते आणि मोठा बॉक्सर वर्षात दोन-तीनदाच रिंगमध्ये दिसतो, तेव्हा तसं काही नव्हतं, हात सुजलेला असला तरी पुढची तारीख ठरलेली असायची.

१९२२ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रुकलिनला जॉनी बफला अकराव्या राउंडला नॉकआउट करून अमेरिकन फ्लायवेट टायटल घेतलं. मार्च १९२३ मध्ये तेच टायटल फ्रँकी जेनारोकडं पॉइंटवर, म्हणजे नॉकआउट न होता पंचांनी दिलेल्या गुणांवर, गेलं, जेनारो म्हणजे १९२० चा ऑलिंपिक गोल्डवाला. आता न्यायानं बघितलं तर वर्ल्ड चॅम्पियनशी लढायचा हक्क जेनारोचा, पण लढत मिळाली विलाला, कारण तिकिटं विलाच्या नावावर खपायची. सर हे सांगताना कुठंही झाकाझाकी करायचे नाहीत. प्रोफेशनलमध्ये नुसतं जिंकून भागत नाही रे, लोकांनी तुला बघायला पैसे मोजले पाहिजेत, असं म्हणायचे.

१८ जून १९२३, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. समोर जिमी वाइल्ड. वेल्सच्या कोळशाच्या खाणीत पोरवयात काम केलेला, १९१६ पासून वर्ल्ड चॅम्पियन, स्वतःचं वजन जेमतेम शंभर पौंड आणि पाडायचा मोठ्या मोठ्या माणसांना. सरांना वाइल्डबद्दलही तेवढंच प्रेम होतं. पण आता तो एकतीस वर्षांचा, दोन वर्षांपेक्षा जास्त दिवस रिंगच्या बाहेर. दुसऱ्या राउंडच्या शेवटी विलाचा एक राइट बसला, घंटेच्या आधी का नंतर ह्यावरून वाद झाला, आणि सातव्या राउंडला वाइल्ड संपला. विला आशियातला पहिला वर्ल्ड चॅम्पियन झाला. ह्या जागी आम्ही व्हरांड्यात टाळ्या वाजवायचो, सर वाजवायचे नाहीत. घंटा झाली की हात खाली, एवढंच म्हणायचे.

पुढचा भाग सरांनी बरेच दिवस सांगितलाच नव्हता. तो मला एकट्याला सांगितला, आणि त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

मी दहावीला असताना औरंगाबादला निवड चाचणी होती. (आता संभाजीनगर, पण तेव्हाचं तेव्हाच्या नावानं लिहितो.) सहा महिने मी पहाटे उठून रेल्वे फाटकापर्यंत पळायचो, संध्याकाळी पोतं. आणि जायच्या दोन दिवस आधी खालची दाढ ठणकायला लागली. आईनं लवंग ठेवली, तुरटीच्या गुळण्या करायला लावल्या, गाल थोडा फुगला होता पण आमच्याकडं दाढदुखीला दवाखान्यात जायची पद्धतच नव्हती, गरम पाण्यानं शेकलं की झालं. मधल्या सुट्टीत लिंबाखाली भाकरी खात बसलो होतो. सर लांबून बघत होते. जवळ आले आणि म्हणाले, एकाच बाजूनं का चावायलास रे?

मी म्हणलं काही नाही सर.

आ कर. उन्हाकडं तोंड कर.

तोंड पूर्ण उघडेना. सरांनी दोन बोटं जबड्याच्या खाली घातली, हाडाच्या आतल्या बाजूला, आणि हळूच दाबलं. तिथं टणक लागलं त्यांना. मी ओरडलो नाही पण डोळ्यात पाणी आलं. मग थुंकी गिळून दाखव म्हणाले, गिळली, जीभ वर उचल म्हणाले, उचलली. मग हात रुमालाला पुसला आणि म्हणाले तू औरंगाबादला जात नाहीस.

मी किती बोललो सरांना त्या दिवशी. सर, दोन दिवसात उतरेल, सर, गोळी घेऊन खेळतो, वजन पण बरोबर बसलंय. सर काही न बोलता सायकल घेऊन आले, मला मागं बसवलं, स्टँडवर आणलं आणि परभणीच्या येष्टीत बसवलं, शेजारी स्वतः बसले. रस्त्यात त्यांनी विलाचं उरलेलं सांगितलं.

मे १९२५ मध्ये विला मनिलाला घरच्या लोकांसमोर लढला, टायटल राखलं. मग परत अमेरिकेला गेला. ४ जुलैला कॅलिफोर्नियात जिमी मॅकलार्निनशी दहा राउंडची लढत ठरलेली, टायटलची नाही, नुसती पैशाची. मॅकलार्निन तेव्हा सतरा वर्षांचा पोरगा, पुढं तोही वेल्टरवेटचा, म्हणजे फ्लायवेटपेक्षा बऱ्याच जड गटाचा, वर्ल्ड चॅम्पियन झाला. विलाची दाढ पिकलेली. लढतीच्या दिवशी सकाळी त्यानं ती काढून घेतली आणि सुजलेल्या तोंडानं रिंगमध्ये उतरला. दहाच्या दहा राउंड उभा राहिला, हरला. नंतर आणखी दाढा काढाव्या लागल्या, आराम करा सांगितलेलं ऐकलं नाही, इन्फेक्शन गळ्यात उतरलं आणि १४ जुलै १९२५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉस्पिटलात गेला. तेविसाव्या वर्षी. वर्ल्ड चॅम्पियन असतानाच गेला, ते टायटल रिंगमध्ये त्याच्याकडून कुणी घेतलंच नाही.

सर म्हणाले, जिमी वाइल्डला पाडलेला माणूस एका दाढेनं गेला. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, आता औषध आहे, मग तू कशाला मरतोस?

परभणीच्या डॉक्टरांनी दाढ फोडून पू काढला, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. फी सरांनी भरली. बाबांनी नंतर पैसे द्यायला नेले तर सरांनी घेतले नाहीत, ज्वारी पाठवली ती घेतली. औरंगाबादला माझ्या जागी दुसरा मुलगा गेला आणि मी आठवडाभर सरांशी बोललो नाही. सरांनी पण समजूत घालायचा काही प्रयत्न केला नाही. आठव्या दिवशी ग्लोव्हज माझ्याकडं फेकले, चल म्हणाले.

पुढं फौजेत गेल्यावर एका डेंटल ऑफिसरनं मला समजावून सांगितलं. खालच्या मागच्या दाढांची मुळं तोंडाच्या तळाला जो स्नायू असतो त्याच्याही खाली जातात, तिथला पू सरळ मानेकडं उतरतो, सूज जिभेला वर ढकलते आणि श्वासाची वाट बंद होते. त्याला लुडविग्ज अंजायना म्हणतात. सरांनी जबड्याखाली बोटं का घातली, थुंकी का गिळायला लावली, जीभ का उचलायला लावली, ते मला त्या दिवशी कळलं. कुठल्या कोर्समध्ये शिकले नव्हते हो ते. एका बॉक्सरच्या मरणाचं कात्रण नीट वाचलं होतं आणि दुसऱ्या पोराच्या बाबतीत वापरलं होतं.

फौजेत मी ५१ किलोला खेळलो, युनिटकडून खेळलो, कमांडकडून खेळलो, मेडलं घरी आहेत. रिटायर होऊन आता परभणीत पोरं शिकवतो. मुली पण येतात, आणि मुली यायला लागल्या त्याचं श्रेय मी निखत झरीनला देतो, नांदेड ओलांडलं की निजामाबाद, तिथली पोरगी २०२२ ला इस्तंबूलमध्ये ५२ किलोत वर्ल्ड चॅम्पियन होते म्हटल्यावर आपल्याकडच्या आयांना पण धीर आला.

माझ्याकडचा एक पोरगा आता प्रोफेशनल व्हायचं म्हणतोय. त्याला मॅनी पॅकियाओचे व्हिडिओ तोंडपाठ. तोही फिलिपिन्सचाच, त्याचं पहिलं वर्ल्ड टायटल १९९८ चं, ते पण फ्लायवेटचं, चॅटचाई सासाकुलला आठव्या राउंडला पाडून घेतलेलं. मी त्याला म्हणालो, आता १९९९ बघ. पुढच्याच वर्षी वजन बसलं नाही म्हणून ते टायटल काट्यावरच गेलं, आणि मग लढतही हरला. वाढत्या अंगाला ५० किलो ८०० ग्रॅममध्ये कोंबायचं, पाणी तोडायचं, दुसऱ्या दिवशी मार खायचा, हे सगळं तुला आधी माहीत पाहिजे. नाही म्हणत नाही मी त्याला. सरांनी पण मला बॉक्सिंग सोड असं कधी म्हटलं नाही, फक्त त्या दोन दिवसांपुरतं थांबवलं. पोराला आधी दाताच्या डॉक्टरकडं पाठवलं, मग माउथगार्ड मापानं करून घेतला, मग स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत.

मागच्या दिवाळीत शाळेत येऊन गेलो. पत्र्याचं शेड झालंय तिथं जिथं आपली रिंग होती, लिंब तोडलाय, आणि पीटीच्या तासाला जादा गणित घेतात असं मुलं सांगत होती. मला वाईट वाटलं, लपवून काय करू. दहावीचा निकाल वाढला असेल, चांगलंच आहे, पण वर्गातलं सगळ्यात बारीक लेकरू आता कुणाच्या नजरेला पडतं? सरांच्या जागेवर नंतर पूर्णवेळ माणूस आलाच नाही म्हणे. सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची वही त्यांच्या मुलीनं मला दिली आहे, खळ सुकून कात्रणं सुटत होती, मी एकेक पान प्लास्टिकमध्ये घालून घेतलंय.

समितीला माझी एक विनंती आहे आणि ती मनापासून आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून कमान उभी करायचं चाललंय असं ऐकलं, करा, पण शेडच्या मागची जी मोकळी पट्टी आहे ना विहिरीकडची, ती सपाट करून मुरूम टाकून द्या. बल्ल्या, दोर, बॅग, ग्लोव्हज मी आणतो. दर रविवारी सकाळी मी परभणीहून येईन, पैसे घेणार नाही. पालकांची संमती आणि दातांची तपासणी झालेली मुलं-मुली पाठवा, सातवीपासून पुढचे कुणीही चालतील, वजनाची अट नाही.