लॉक फाईल वाचताना

आज दिवसभर प्रोजेक्टची लॉक फाईल, म्हणजे त्यात वापरलेल्या सगळ्या पॅकेजेसची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची) नेमक्या आवृत्त्यांसह यादी, वाचत बसले. आम्ही स्वतःहून घेतलेली पॅकेजेस ४१. त्यांच्यामागून आलेली धरली तर आकडा हजाराच्या वर! त्यातली कितीतरी नावं आज पहिल्यांदा वाचली, आणि तरी तो कोड आमच्या सर्व्हरवर रोज चालतो.

सारखं एक्सझेडचं प्रकरण आठवत होतं. मार्च २०२४. कॉम्प्रेशनची, म्हणजे फाईल लहान करणारी, साधी लायब्ररी, सांभाळणारा जवळजवळ एकटा माणूस, तोही थकलेला. मदतीला आलेल्याने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि ५.६.० या आवृत्तीत मागचं दार (बॅकडोअर), म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं. तेही गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद राहते तिथे, सरळ दिसेल असं नाही. ते सुरू करणारी ओळ फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधून दिलेल्या फाईलमध्ये) होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरायची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. त्या चिकाटीचे आपल्या सगळ्यांवर उपकार आहेत, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी एक पॅकेज सापडलं, फक्त आकड्यापुढे शून्य लावणारं. पाच वर्षांत एकही बदल नाही. काढून टाकलं, आठ ओळी स्वतः लिहिल्या, टेस्ट पास. मग बिल्डमध्ये एनपीएमचा (जावास्क्रिप्टची पॅकेजेस आणणारं साधन) आदेश बदलला: 'एनपीएम इन्स्टॉल'च्या जागी 'एनपीएम सीआय' केलं, म्हणजे लॉक फाईलमधलीच आवृत्ती येणार, हॅश (फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळला तरच. इन्स्टॉल स्क्रिप्टही (पॅकेज बसवताना आपोआप चालणारा कोड) बंद केल्या; त्यामुळे दोन पॅकेजेस अडली आहेत, ती उद्या बघते.

एकट्या माणसाच्या जिवावर चालणारी सतरा पॅकेजेस वेगळी काढून ठेवलीत. त्यातल्या तिघांना तरी आमच्या टीमकडून नियमित मदत मिळावी, असा मेल आत्ताच मॅनेजरना पाठवला.