तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं फिरणं परवडतं कसं

परवा एका लग्नात पुण्याच्या जाऊबाईंनी परत विचारलं, त्याआधी आमच्या पतसंस्थेतल्या कॅशियर मॅडमनी विचारलेलं, आणि दिवाळीत तर माझ्या सख्ख्या आईनंच, की तुम्ही दोघं सारखी कुठं ना कुठं असता, स्टेटसला रोज फोटो, परवडतं कसं गं? मी दरवेळी हसून विषय बदलते. पण आता एवढ्या जणींनी विचारलंत म्हणून एकदा बैजवार लिहूनच टाकते.

पहिलं म्हणजे स्टेटस लावतात ते हे, मी नाही. आणि दुसरं, ते फोटो जरा नीट बघा की, एकात रंकाळा तलाव, दुसऱ्यात रंकाळाच पण ऊन उतरल्यावरचा, तिसऱ्यात मिसळ. कोल्हापूरच्या बाहेर कुणी गेलंय?

मूळ भानगड अशी की ह्यांची सुट्टी सोमवारी आणि माझी रविवारी. हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, त्यात दर आठवड्याला पाळी बदलणार, लग्नाला 14 वर्षं झाली पण दोघांना एकदम मोकळा असा अख्खा दिवस मिळतो तो सणावारी, आणि सणावारी घरात पाहुणे. पहिली दोन वर्षं मी लई धुसफूस केली. मग हळूहळू लक्षात आलं की दिवस नसला तरी तास-दीड तास रोज कुठंतरी सापडतोय, तेवढ्यात जे बसतं तेवढंच फिरायचं. पैशाचा प्रश्न तिथं आपोआपच मिटला, कारण दीड तासात माणूस खर्च करून करून करणार किती!

रात्रपाळी असली की हे सुटून सकाळी थेट गंगावेशीत येतात आणि मी घरातनं चालत जाते. तिथला दूध कट्टा ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, रस्त्याकडंला म्हशी बांधलेल्या असतात, तुमच्या डोळ्यासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास कोमट असतानाच हातात. तालमीतली पोरं, पेपर टाकून आलेले काका, नोकरीवाले, सगळे उभ्यानं पीत असतात. खोटं कशाला बोलू, मला ते दूध जात नाही, वास येतो. मी ह्यांचा डबा आणि हेल्मेट धरून उभी राहते, वरचा फेस तेवढा बोटानं खाते. ह्यांच्या कानामागं फौंड्रीची काळी भुकटी तशीच असते आणि ओठावर पांढरी मिशी, हा फोटो मात्र त्यांनी एकदाही स्टेटसला लावलेला नाही.

रविवारी ह्यांची पहिली पाळी नसेल तर सकाळी मिसळ. एक मिसळ, दोन चमचे, कट म्हणजे तिखट रस्सा मागून घ्यायचा, ब्रेड लागेल तसा जादा. आमच्याकडं मिसळीबरोबर पाव नसतो, ब्रेडच्या जाड स्लाइस असतात, आणि तो ब्रेड कटात किती वेळ ठेवायचा ह्यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. ह्यांच्या मते बुडवला की उचलायचा, मी पार गाळ होईपर्यंत ठेवते. जाऊबाईंनी इथं एकदा पाव मागितला होता तर वाढणाऱ्या पोरानं कुणीतरी गेल्यासारखं तोंड केलं. पण नियम एवढाच, एका ठिकाणी एकच गोष्ट खायची. मिसळ खाल्ली की तिथं लगेच लस्सी, कॉकटेल आइस्क्रीम असलं काही नाही. ते दुसऱ्या दिवसाला ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत बाहेर पडायला निमित्त होतं.

संध्याकाळचा रंकाळा तर ठरलेला. गाडी लावायची आणि चालायचं, भेळ किंवा भाजलेलं कणीस, दोन्ही नाही. तिथला नंदी गव्हाभर पुढं आणि तांदळाभर मागं सरकतो आणि ज्या दिवशी तळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी, अशी कथा सांगतात, हे दरवेळी त्याच्याकडं बघून म्हणतात अजून टाइम हाय, हप्ते फिटतील. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तळ्यातला दगडी संध्यामठ वर निघतो, पावसाळ्यात परत बुडतो. आमचं भांडण झालेलं असलं तरी चालायला जातोच, तोंडं दोन दिशेला करून, आणि भेळवाल्यापुढं गेल्यावर बोलावंच लागतं कारण मला तिखट आणि ह्यांना मध्यम.

त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर दीपोत्सव असतो, तो फुकट आहे आणि माझ्या मते कोल्हापुरातला सगळ्यात देखणा कार्यक्रम आहे. तीनला उठायचं, कानटोपी घालून जायचं, आपल्या घरातल्या दहा-बारा पणत्या आणि तेलाची बाटली न्यायची. दुसऱ्यांच्या पणत्या विझल्या तरी लावायच्या.

पण मला विचाराल तर खरं सुख गुऱ्हाळाचं. दिवाळी झाली की गुऱ्हाळं पेटतात ती साधारण मार्चपर्यंत, आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, तरी नदीकाठच्या गावांत अजून सापडतात, लांबनं धूर आणि वास दोन्ही येतात. एवढी मोठी काहिल म्हणजे कढई, खाली चुलवाणात उसाची चिपाडं ढकलणारा माणूस घामानं निथळतोय, वर रस उकळतोय. रानभेंडीचं चिकट पाणी रसात सोडलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मग रसाचा रंग बदलत जातो, आधी हिरवट, मग पिवळा, मग बुडबुडे मोठे मोठे व्हायला लागतात आणि तिथून पुढं सगळं गुळव्याच्या, म्हणजे गूळ करणाऱ्याच्या हातात. तो थोडासा पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि काही न बोलता नुसती मान हलवतो, की चारपाच जण धावून काहिल उचलून गूळ गार करायच्या वाफ्यात ओततात. गुळव्याची ती मान हलायची वाट बघत ह्यांनी एकदा झोपेचे दोन तास घालवले, म्हणाले आमच्या भट्टीतला मिस्त्री पण लोखंड असाच नुसत्या नजरेनं ओळखतो. मग उसाच्या कांडक्यावर गरम गूळ घेऊन खायचा, जीभ भाजतेच. तिथली माणसं पैसे घेत नाहीत, पण आपण किलोभर गूळ आणि एक बाटली काकवी (गुळाचा पातळ पाक) विकत घ्यायची, ही रीत आहे. ती काकवी घरात महिनाभर भाकरीबरोबर चालते.

मटण बाहेर खात नाही, थाळीचे रेट परवडत नाहीत आणि घरचं चांगलं होतं. अर्धा किलो आणायचं, हळद मीठ आलं लसूण घालून शिजवलं की जे अळणी पाणी निघतं त्यातनं तांबडा रस्सा पण होतो आणि पांढरा पण. हे त्यातली एक वाटी आधीच उभ्या उभ्या पितात. मी रागावते. पण वाटी मीच भरून ठेवलेली असते.

पन्हाळा वर्षातनं दोनदा, 20 किलोमीटर तर आहे, मी हाफ डे टाकते. पिठलं-भाकरी, खर्डा, मडक्यातलं दही. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गडाचं नाव आल्यापासून ह्यांना वाटतं आपणच ते मिळवलंय.

मोठी ट्रिप नाही केली असं नाही. एकदा पॅकेज घेऊन थंड हवेच्या ठिकाणी गेलेलो, 14 हजार गेले आणि हे दोन्ही दिवस रूमवर झोपले. रात्रपाळीच्या माणसाला गार खोली आणि जाड पांघरूण मिळालं तर तो झोपणारच की. मी एकटीनं सनसेट पॉइंट बघून आलो. (हो, आलो. आम्ही कोल्हापूरच्या बायका असंच बोलतो.)

हिशेबाचं म्हणाल तर माझ्या वहीत 'फिरणं' असा वेगळा कॉलम आहे, मागच्या महिन्याचा आकडा पेट्रोल धरून 1,640 रुपये. त्यात 210 रुपये ह्यांचा चष्मा रंकाळ्यावर पडला त्याच्या काडीचे आहेत.

जाऊबाई, मे महिन्यात येताय म्हणालात, जरूर या. गुऱ्हाळ मिळणार नाही तोवर, पण पाणी उतरलं असलं तर संध्यामठ दिसेल. आणि मिसळीला पाव मागू नका.