वहिनींचे मिस्टर काय म्हणतात?

कल्याण सुटलं की लोकलचा स्वभाव बदलतो. तोवर शेजारून फास्ट गेली काय, मेल गेली काय, तिला फरक पडत नाही. कल्याणला रूळ फुटतात, एक फाटा कर्जतला, एक कसाऱ्याला, आणि आमच्या वाट्याला एक जायचा नि एक यायचा एवढेच रूळ उरतात. त्यावरूनच लोकल, त्यावरूनच नाशिककडच्या मेल, त्यावरूनच मालगाड्या. मग टिटवाळा-खडवलीच्या मध्ये कुठेतरी गाडी उभी राहते. पंखे चालू, दिवे चालू, गाडी बंद. पहिली काही मिनिटं कुणी मान वर करत नाही. मग मोबाइलमध्ये डोकं घातलेली एखादी जाहीर करते, "सिग्नल फेल."

अख्खा जिल्हा सकाळी मुंबईच्या दिशेने लोटत असतो, तेव्हा आम्ही काहीजणी उलट्या दिशेने, ठाण्याहून आसनगावला निघालेल्या असतो. शहापूर तालुक्यातल्या शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांची ही माणसं. आम्हाला बसायला जागा मिळते, त्यामुळे आमच्या रागालाही बैठक असते. वासिंद-आसनगावहून ठाण्याला उभ्याने येणाऱ्या बायकांचं दुःख वेगळं. गाडी थांबली की त्यांना पाय बदलायलाही जागा नसते. त्यांच्यापुढे आमच्या तक्रारी म्हणजे चोचले. पण ते असो.

आमच्या ग्रुपमधल्या एका वहिनींचे मिस्टर सिग्नल खात्यात आहेत. हे कळल्या दिवसापासून त्या बिचाऱ्या डब्यातल्या रेल्वेमंत्री झाल्या. गाडी थांबली की, "वहिनी, लावा फोन. काय म्हणतात मिस्टर?" मिस्टर ड्युटीवर फोन उचलत नाहीत. मग वहिनीच सांगतात, आणि झकास सांगतात. आधी त्याही आमच्यासारख्याच चिडायच्या. नवऱ्याची बाजू घेऊन घेऊन तयार झाल्या.

त्यांचं म्हणणं, सिग्नल फेल झाला म्हणूनच लाल झाला, नाहीतर घाबरायला हवं होतं. रुळांतून अगदी थोडी वीज सोडलेली असते. पुढचा तुकडा मोकळा असेल तर ती दुसऱ्या टोकापर्यंत पोचते आणि तिथला रिले, म्हणजे विजेवर चालणारं छोटं बटण, उचलून धरते. गाडी आली की तिची चाकं आणि आस, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, मिळून दोन्ही रूळ जोडतात, वीज मधूनच परतते, रिले पडतो, लाल. आता रूळ तुटला, केबल तुटली, पावसाचं पाणी खडीत साचून वीज झिरपून गेली, तरी रिले पडणारच. गाडी नसली तरी सिग्नल म्हणणार, असेल बाई एखादी, तू थांब. काही ठिकाणी रुळाशी बसवलेलं यंत्र आस मोजतं. बारा डब्यांच्या लोकलचे ४८ आस आत गेले आणि बाहेर पडताना ४७ च मोजले गेले, तर एक आस अजून आत आहे असं धरून पुन्हा लाल. एवढा संशय तर सासूबाईंनीही घेतला नाही, हे वहिनींचं वाक्य.

विजेची ही मांडणी विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने १८७२ साली पेटंट केली. त्यांची आधीची मांडणी उलटी होती, गाडी आली की वीज सुरू व्हायची. म्हणजे वायर तुटली की समोर गाडी उभी असतानाही रस्ता मोकळाच दिसणार. तो धोका ओळखून त्यांनी सगळं फिरवलं. माहीत नसेल तेव्हा 'नाही' म्हणायचं, हे यंत्राला शिकवता आलं. आमच्या कचेरीत अजून जमलेलं नाही.

ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ३४ किलोमीटर, ५७ मिनिटांत. तिला असली भानगड नव्हती. मागे दुसरी लोकल यायचीच नव्हती.

लाल म्हणजे कायमचं लाल असंही नाही. ज्या सिग्नलच्या खांबावर इंग्रजी 'ए' लिहिलेली गोल पांढरी पाटी असते, तो लाल असला तर मोटरमन दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबतो आणि मग बेताने पुढे सरकतो. पाटी नसेल तर परवानगी आल्याशिवाय हलायचं नाही. अशी एकेक गाडी हातावर काढायची म्हटलं की मागच्या सगळ्या एकीला एक चिकटत जातात. तासाभराने सिग्नल सुधारतो, वेळापत्रक मात्र संध्याकाळपर्यंत सावरत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमचा डबा नेमका रुळाकडेच्या लोखंडी कपाटासमोर थांबला होता. कपाट उघडं, आत वायरींची जंजाळं आणि छोट्या चिठ्ठ्या लावलेले रिले. केशरी जॅकेटातला माणूस मीटरच्या दोन पिना एकेका स्क्रूला लावून बघत होता. मदतनीसाने छत्री धरली होती ती कपाटावर. माणूस नखशिखांत भिजत होता. दारातून सल्ले सुरू. "अहो, बंद करून चालू करा!" त्याने वळूनही पाहिलं नाही. शेवटी कपाटाला कुलूप घातलं, ओढून पाहिलं, आणि मग छत्रीखाली आला.

परवा पुन्हा तेच. गाडी थांबली, वहिनींकडे माना वळल्या, आणि कधी नव्हे तो मिस्टरांनी फोन उचलला. वहिनींनी ऐकून घेतलं, पदराआड हसल्या.

"काय म्हणाले?"

"दुरुस्तीलाच निघालेत. आपल्या मागच्या लोकलमध्ये अडकलेत."

डब्यात क्षणभर कुणाला काही सुचेना. मग खिडकीतली नर्सबाई म्हणाली, "मग उतरून चालत या म्हणावं. आणि छत्री घ्या."